तांबडीचा डायनामो

काचीगुडा, बडी चौडी, सुलतान बाजार या भागांतील जुन्या मंडळींना आमच्या घरची तांबडी मोटार ठाऊक आहे. तिच्या भोंग्यावरून "वकीलसाहेब आले" असे ओळखणारी पिढी आता थकली असली तरी संपलेली नाही. गेल्या वर्षी एका लग्नात तिघांनी आम्हांस वेगवेगळे प्रश्न विचारले. एकाने विचारले, तांबडीचे इंजिन बदलले म्हणे? दुसऱ्याने विचारले, विकली म्हणे? तिसऱ्या बाईंनी तर, तिच्यात आता अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन घातले आहे ही बातमी खात्रीने सांगितली. यांपैकी काहीही खरे नाही. बदलला तो फक्त डायनामो, आणि घरात दोन महिने वाद चालला तो तर त्याहून लहान वस्तूवरून, वीतभर लांबीच्या एका लोखंडी ब्रॅकेटवरून. ती हकीकत एकदा लिहून काढली म्हणजे प्रत्येकास निराळी सांगावयास नको, एवढ्याच हेतूने हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. थोरला सत्तरीच्या पलीकडचा, धाकटा अलीकडचा. लिहितो एकच, पण दुसरा शेजारी बसून दुरुस्त्या सांगतो. तेव्हा बहुवचन मोठेपणाचे समजू नये.

गाडी एम.जी.ए. १५००. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात या जातीच्या एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेस गेल्या. एखादी चुकून आपल्याकडे आली. वडिलांनी ती १९६५ साली सिकंदराबादच्या छावणीतून बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून जुनी घेतली. दोन माणसांची, टप नसलेली, जमिनीस टेकलेली गाडी, आणि घरात माणसे अकरा. आजीने ती प्रथम पाहिली तेव्हा "बाकीची गाडी कुठे आहे?" असे विचारल्याचे घरात अजून सांगतात. (हल्ली एम.जी. म्हटले की तरुणांच्या डोळ्यांसमोर २०१९ पासून आपल्याकडे मिळू लागलेल्या उंच मोटारी येतात. नाव तेच, पण अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० सालीच बंद पडला आणि ते नाव पुढे चिनी कंपनीकडे गेले.)

वडिलांनी शौकाची गाडी घेतली खरी, पण वापरली मात्र कुलाचाराला. दरवर्षी पौषात शाकंभरी नवरात्रात ती तुळजापूरला जाई. वडील चालवीत, शेजारी आई, आणि आईच्या मांडीवर आम्हां भावांपैकी एक; एका वर्षी थोरला, एका वर्षी धाकटा. पहाटे तीनला निघायचे, पटांचेरू, झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करीत अकराच्या सुमारास देवीपुढे उभे राहायचे आणि रात्री परतायचे. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरांच्या आसपास. आजोबांच्या लहानपणी हा सगळा रस्ता एकाच राज्यातला होता, मोगलाईतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हापासून त्याच रस्त्याने जाताना तीन राज्ये लागतात. वडील सीमेवर कधी बोलत नसत. फक्त हुमनाबादला चहा घेताना हॉटेलवाल्याशी कानडी बोलत आणि उमरग्यास पुढच्याशी मराठी.

आता विजेकडे वळतो. मोटारीत वीज कोठून येते असे विचारले तर बहुतेक जण बॅटरीतून असे म्हणतात. बॅटरी ही रांजणासारखी असते. तिच्यात असते ते कोणी तरी ओतलेले असते. ओतणारा तो डायनामो. इंजिनापुढच्या पुलीवरून रबरी पट्टा जातो, तो पंख्यासही फिरवतो आणि डायनामोसही. जुन्या डायनामोत तांब्याच्या वेटोळ्यांचा गाभा, म्हणजे आर्मेचर, फिरते आणि त्याच्या टोकास असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवरून कार्बनचे दोन तुकडे घासत वीज उचलतात. या घासण्यातच त्याची मर्यादा आहे. फार वेगाने फिरवला तर तांबे आणि कार्बन जळतात, वेटोळी उसळून बाहेर येतात. म्हणून त्याची पुली मोठी ठेवून त्यास सावकाश फिरवावे लागते. सावकाश फिरविल्यामुळे गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असताना, तो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटरमध्ये उलट रचना असते: चुंबक फिरतो, वीज बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत तयार होते आणि डायोड तिला एका दिशेची करतात. जड प्रवाह घासत्या तुकड्यांतून न्यावा लागत नाही, म्हणून तो लहान पुलीवर भरधाव फिरू शकतो आणि चौकात उभ्या गाडीतही बॅटरी भरीत राहतो.

आमच्या डायनामोची ताकद नवी असताना १९ अँपियर. मोठे दिवे लावले की दहा गेले, इंजिनच्या ठिणगीस तीन-चार, मागचे-बाजूचे दिवे, पाऊस आला तर वायपर. हिशेब कसाबसा जुळतो, तोही गाडी पळत असेल तर. १९६५ साली रात्रीच्या वेळी हैदराबादेत गाडी थांबवावी लागे अशी ठिकाणे किती असतील? रेल्वेचे फाटक आणि एखादा पोलीस. वडील फाटकात मोठे दिवे बंद करीत आणि पायाने इंजिन थोडे गुरगुरत ठेवीत. आता पटांचेरूपासून काचीगुड्यापर्यंत रात्री नऊ वाजता येऊन पाहावे. डायनामोने त्या गर्दीत काय करावे?

जानेवारी २०२० मध्ये तुळजापूरहून परतताना जे झाले त्यामुळे हा प्रश्न घरात प्रथमच मोठ्याने विचारला गेला. गाडी धाकट्याची मुलगी चालवीत होती. वय तेव्हा सत्तावीस. शेजारी थोरला. उमरग्याबाहेर रस्त्याचे काम चालू असल्याने तासभर रांगेत उभे राहावे लागले, आणि झहीराबाद ओलांडले तेव्हा दिवे पिवळे पडू लागले. मग निखाऱ्यासारखे तांबूस. मुलीने उसाच्या एका लॉरीच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून दहा-बारा किलोमीटर काढले. पुढे दिव्यांनी मान टाकली, इंजिन उचक्या देऊ लागले आणि संगारेड्डीच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहिली. काळोखात, तांबड्या रंगाची, गुडघाभर उंचीची गाडी, आणि शेजारून सत्तर-ऐंशीच्या वेगाने जाणारे ट्रक. थोरल्याने धोतर सोडून, आतल्या लेंग्यावर उभे राहून, ते पांढरे धोतर वीस पावले मागे जाऊन हलवीत ठेवले. पहाटेपर्यंत. (याचा उल्लेख करू नये असे थोरल्याचे मत आहे. धाकट्याचे मत निराळे पडले.)

त्या रात्री मुलगी एकच बोलली. "बाबा, एक तर ही रात्री चालण्याजोगी करू या, नाही तर हिला दिवाणखान्यात नेऊन ठेवू या."

पुढे दोन वर्षे करोनाची गेली. २०२२ मध्ये मुंबईच्या एका संग्राहकाचा निरोप आला. माणूस सज्जन, गाडीची पारख असलेला. त्यांनी दिलेला आकडा आम्ही येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की तो ऐकून धाकट्याने चष्मा काढून पुसला. अट एकच होती: गाडी आहे तशी पाहिजे. मूळचा डायनामो, मूळचा कटआउटचा डबा, मूळच्या तारा. अशा गाड्यांची किंमत अस्सलपणावर ठरते आणि तिच्यात अल्टरनेटर दिसला की जाणकार नाक मुरडतो.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला. ब्रॅकेट बसवले तर गाडी चालणार, पण तिची किंमत उतरणार. न बसवले तर किंमत राहणार, पण गाडी आमची राहणार नाही. राहिली तरी चालणार नाही. त्यातच २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते, मानही मिळतो. पण तशी नोंद केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. तुळजाभवानीचे दर्शन यांपैकी कशात बसते हे परिवहन कार्यालयास विचारण्याचे आम्ही टाळले आणि साधी नोंदणीच नूतन करीत राहिलो.

चौमहल्ला राजवाड्यात ती पिवळी रोल्स रॉइस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली. १९११ साली ते वारले आणि गाडी सातव्यांच्या वाट्यास आली. सिंहासनासारखी बैठक असलेली ती गाडी फार थोडे मैल चालली. सुंदर आहे, यात शंका नाही. आम्ही तिच्यापुढे पुष्कळ वेळ उभे राहिलो आहोत. पण तिच्या इंजिनाचा आवाज कसा आहे हे शहरात कोणास सांगता यावयाचे नाही.

घरात अंतिम शब्द काकांचा. काका म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू, तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी. सिकंदराबादच्या प्रागा टूल्समध्ये त्यांनी सगळी नोकरी केली. त्या कारखान्याच्या लेथच्या चकना एके काळी देशभर मान होता, आणि काकांस अजून कोणत्याही वर्कशॉपमध्ये गेले की प्रथम चकवरचे नाव वाचण्याची सवय आहे. तांबडीचा डायनामो त्यांनी आपल्या हातांनी चार वेळा उघडला होता. तांब्याच्या पट्ट्यांमधली अभ्रकाची रेघ हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खरवडून खाली घ्यावी लागते, नाही तर कार्बन नीट टेकत नाही. हे काम ते वऱ्हांड्यात बसून, भावाशी गप्पा मारत, संध्याकाळभर करीत. वडील २००४ साली गेले. त्यानंतर डायनामो उघडला गेला तो एकदाच.

काकांचा विरोध केवळ मायेचा होता असे मात्र नव्हे. ते म्हणाले, "अरे, डायनामो बिघडला तर मी तो रस्त्यावर उघडून पाहू शकतो. कार्बन झिजला असेल, तार सुटली असेल, डोळ्यांना दिसतं. तुमचा अल्टरनेटर मेला की मेला. त्याच्या पोटात काय झालं ते कुणालाच कळत नाही." हा मुद्दा खरा आहे आणि आम्ही तो आजही खोडू शकत नाही. मुलीने उत्तर दिले ते असे : "आजोबा, तुम्ही रस्त्यावर उघडाल. मी एकटी असेन तेव्हा कोण उघडणार?"

काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी अट सांगितली. "गाडीला एकही नवं भोक पडता कामा नये. काही घासायचं नाही, काही कापायचं नाही. उद्या कुणाला डायनामो परत चढवावासा वाटला तर चार पाने घेऊन एका दिवसात चढला पाहिजे. हे जमत असेल तर करा."

येथे ब्रॅकेटचे महत्त्व वाचकांच्या ध्यानात येईल. अल्टरनेटर मिळणे कठीण नाही. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या इंजिनावर त्यास धरून ठेवायचे कशाने? डायनामो लांब, नळकांड्यासारखा. त्यास पुढे एक आणि मागे एक असे दोन कान असतात आणि इंजिनच्या अंगावर त्या अंतराचेच दोन आधार असतात. अल्टरनेटर आखूड आणि जाड. पुढचा कान टेकतो तेव्हा मागचा अधांतरी राहतो. एक मार्ग इंजिनच्या अंगात नवी भोके पाडण्याचा; तो काकांच्या अटीने बंद झाला. दुसरा मार्ग असा की जुन्याच भोकांत बसणारे आणि नव्याला पकडणारे असे मधले काही तरी घालावे. तेच ब्रॅकेट. इंग्लंडात अशी ब्रॅकेटे तयार मिळतात. आमची भाची तिकडे असते. दिवाळीस येताना तिने ते आणले. काळा रंग दिलेली जाड पोलादी पट्टी, एक लांब नळी, तीन बोल्ट, आणि पट्टा ताणण्यासाठी लांबट खाच असलेली दुसरी पट्टी. सोबतच्या कागदावर एक चित्र आणि चार ओळी. या जातीच्या सर्व इंजिनांस चालते असे त्यात छापले होते.

चालले नाही. म्हणजे इंजिनच्या अंगावर ते बरोबर बसले, भोकांशी भोके जुळली. पण अल्टरनेटर लावून पाहिला तेव्हा त्याची पुली खालच्या पुलीच्या रेषेपेक्षा चांगलीच पुढे आली. घराजवळच्या वर्कशॉपमधला मुलगा म्हणाला, "कस दो साब, बैठ जाता." काकांनी काठी आपटली. अल्टरनेटरचे कान अ‍ॅल्युमिनियमचे असतात. मधली फट भरून न काढता बोल्ट आवळला तर लोखंड वाकत नाही, कान तडकतो. आज नाही तर शंभर किलोमीटरांनी. आणि पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्टा तिरका चालतो, किंचाळतो, काळी भुकटी गाळतो आणि नेमका हुमनाबादच्या माळावर तुटतो. त्याच पट्ट्यावर पंखा आणि पाण्याचा पंप असल्याने मग दिव्यांचा प्रश्न उरतच नाही.

मग राणीगंज. ज्यांना राणीगंजच्या गल्ल्यांत सुटे भाग धुंडाळण्याचा प्रसंग आला नाही त्यांनी हैदराबाद-सिकंदराबादचे एक अंग पाहिलेलेच नाही असे आम्हांस वाटते. तेथल्या एका बोळात काकांच्या ओळखीचे एक खरादवाले उस्ताद आहेत. त्यांचे वडीलही काकांच्या ओळखीचे होते. काकांना खुर्ची दिली गेली. काकांनी प्रथम चक पाहिला. प्रागाचाच होता. त्यावर दोघांचा अर्धा तास गेला.

मग उस्तादांनी खालच्या पुलीच्या तोंडाशी पोलादी पट्टी सरळ टेकवली, दुसरे टोक अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेले, आणि फट मोजण्याआधी नुसते डोळ्याने पाहून म्हणाले, "बिरॅकेट अच्छा है साब, मगर चार मिलीमीटर आगे खडा है. दुसरे इंजन का नाप लेके बनाए दिखता." व्हर्नियरने मोजले तर चार मिलिमीटरच. काका आम्हांकडे असे पाहू लागले की जणू ते मोजमाप त्यांनीच केले होते.

उस्तादांनी पुढे जे केले ते पाहण्यासारखे होते. त्यांनी मुलास पाठवून शेजारच्या भंगारवाल्याकडून अ‍ॅम्बेसेडरचे जुने ओतीव ब्रॅकेट मागवले. अ‍ॅम्बेसेडर १९५७ साली निघाली तेव्हा तिचे इंजिन निराळे होते; दोनेक वर्षांनी तिला जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन बसले ते ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेचे, आणि आमच्या तांबडीचे इंजिनही त्याच मालिकेचे, तेवढ्याच मापाचे. एकीला दोन कार्ब्युरेटर, तिची चाल निराळी. दुसरीने सरकारी कार्यालये आणि टॅक्सीचे थांबे सांभाळले. पण ओतीव अंग एकच. लग्नातल्या त्या बाईंच्या बातमीत एवढाच तथ्यांश होता. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ साली शेवटची अ‍ॅम्बेसेडर बाहेर पडली. राणीगंजात मात्र ती अजून तुकड्या-तुकड्यांनी नांदते आहे.

ते जुने ब्रॅकेट त्यांनी इंजिनास लावून पाहिले. भोके बसली. पण त्यावर अल्टरनेटर तेलाच्या गाळणीस खेटू लागला, म्हणून ते बाजूस ठेवले. घेतली ती त्याची पट्टा ताणायची पट्टी, कारण विलायती पट्टीची खाच तोकडी पडत होती. मग विलायती ब्रॅकेटची मागची नळी खरादावर धरून चार मिलिमीटर आखूड केली, आणि पोलादाच्या कांबीतून तितक्याच जाडीची चकती कातून पुढच्या कानापाशी घातली. अल्टरनेटर तेवढा मागे सरकला, दोन्ही कानांपाशी फट राहिली नाही, पुल्या समोरासमोर आल्या. "अब देखो बडे साब." काकांनी पट्टी स्वतः टेकवून पाहिली. कोठेही उजेड दिसत नव्हता. "हौ," काका म्हणाले. राणीगंजात काका मराठी बोलत नाहीत. कापली गेली ती नवी नळी. गाडीच्या अंगास कोणी हात लावला नाही. मजुरीचे पैसे विचारता उस्ताद म्हणाले, "चाय पिला दो." पुष्कळ आग्रहाने त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले.

बसवण्याचे काम आमच्या वऱ्हांड्यासमोर झाले. ब्रॅकेट हा अवघड भाग, पण तारांचा भाग धोक्याचा. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगास जोडलेले असे. अल्टरनेटरला ऋण टोक अंगास लागते. हे न उलटवता तार जोडली तर आतील डायोड क्षणात जळतात. काका हे समजावताना धन-ऋण म्हणत नाहीत, पॉझिटिव्ह-निगेटिव्हही नाही. "पहले मुस्बत अंगाला होता, आता मनफी लावायचा," असे त्यांचे वाक्य. शाळेतील विज्ञान ते उर्दूतून शिकले. १९१७ साली निघालेल्या दारुल तर्जुम्याने घडवलेले ते शब्द, आणि शिकल्याला ऐंशी वर्षे होत आली. मुलीने कागदावर दोन्ही लिहून घेतले आणि चिमट्यांनी तारांवर चिठ्ठ्या लावल्या. बॅटरी फिरवली, कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली, अल्टरनेटरपासून जाड नवी तार जुन्या तारेच्या शेजारून नेली. कटआउटचा जुना डबा जागच्या जागी राहिला. त्यातून आता काही वाहत नाही, पण झाकण उघडले की बाहेरून सर्व पूर्वीसारखे दिसते. पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच आत जाईल इतपत ताणला.

चावी फिरवताच फळीवरचा तांबडा दिवा लागला. या जातीच्या अल्टरनेटरमध्ये तो दिवा नुसती सूचना देत नाही. सुरुवातीस चुंबकाला जागे करणारा प्रवाह त्यातूनच जातो. दिवा गेलेला असेल तर अल्टरनेटर उठतच नाही. काकांना ही गोष्ट फार आवडली. इंजिन सुरू झाले, दिवा विझला. मोठे दिवे लावले, वायपर लावले, इंजिन अगदी मंद केले, मीटर १३.८ व्होल्टच्या खाली उतरेना. डायनामोच्या काळात इंजिन मंद झाले की तो तांबडा दिवा मिणमिणत असे. वडील म्हणत, तो श्वास घेतोय, घेऊ दे. काका वाकून त्या विझलेल्या दिव्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी बोटाच्या टोकाने त्याच्या काचेवर टिचकी मारली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा.

संग्राहकांना आम्ही दूरध्वनीवरून स्पष्ट कळवले. ब्रॅकेट उतरवून पुन्हा डायनामो चढवता येईल, एकही भोक पाडलेले नाही, हेही सांगितले. ते म्हणाले, "मग चढवूनच ठेवा ना." आम्ही नाही म्हणालो. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि विषय संपला. धाकट्याच्या मनातून तो आकडा पुरता गेला आहे असे म्हणता येणार नाही. घराच्या मागच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते आणि ती दुरुस्त करावयाची आहे, हे तो दर पावसाळ्यात बोलून दाखवतो.

जानेवारी २०२३ मध्ये, शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तांबडी तुळजापूरला निघाली. मुलगी चालवीत होती, शेजारी काका. कानटोपी, मफलर, मांडीवर घोंगडी. आम्ही दोघे मागून दुसऱ्या गाडीत. दर्शन, प्रसाद आणि काकांची एक झोप, यांत परतीस निघावयास पाच वाजले, म्हणजे सगळी वाट अंधाराची. उमरगा सोडताना मुलीने दिवे लावले. आम्ही मागे असल्याने तांबडीच्या पुढे पडणारा उजेड आम्हांस रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर दिसत होता, आणि तो हुमनाबादला जेवढा होता तेवढाच झहीराबादला होता. संगारेड्डीच्या अलीकडे, २०२० साली जेथे गाडी थांबली त्या जागेपाशी, थोरल्याने आपल्या गाडीचे दिवे क्षणभर मालवून पाहिले. पुढचा उजेड हलला नाही. पटांचेरूच्या गर्दीत तांबडी चाळीस मिनिटे पाऊल-पाऊल सरकली. काचीगुड्यास पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि काका गाढ झोपलेले होते.

डायनामो स्वच्छ करून, तेलाचा हात देऊन, वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे. सोबत त्याचे बोल्ट, पुली आणि मुलीने काढलेला तारांचा नकाशा. महिन्यातून एकदा काका तो बाहेर काढावयास सांगतात आणि गाभा हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा ठेववतात. बेअरिंग धरू नये म्हणून. वडिलांची गाडीची वही त्याच कप्प्यात असते. १९६५ पासूनचे प्रत्येक तेल, प्रत्येक टायर, प्रत्येक तुळजापूर तीत आहे. तुळजापूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी काकांनी ती मागून घेतली. अक्षर थरथरते, पण ओळ सरळ आहे : 'डायनामो उतरविला. अल्टरनेटर चढविला. ब्रॅकेट विलायती, नळी चार मि.मी. कमी केली, राणीगंज. भोक पाडले नाही. पाचशे किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा ताणून पाहणे.'

पाचशे तर त्या एका फेरीतच होऊन गेले होते. मुलीने त्याच दिवशी दुपारी पट्टा पाहिला. थोडा सैल झाला होता.